दोन गुंजांचं विष

सिएटल शहराच्या पश्चिम भागातून लाँगफेलो नावाचा एक ओढा वाहतो. ओढाच, नदी म्हणण्याइतकं त्याचं पात्र नाही. शरद ऋतूतले पाऊस सुरू झाले की समुद्रातून कोहो जातीचे सॅमन मासे त्यात शिरतात. कोहोचा जन्म गोड्या पाण्यात होतो, वाढ समुद्रात होते आणि अंडी घालायला तो पुन्हा गोड्या पाण्यात येतो. बाळंतपणाला माहेरी यावं तशी ही फेरी असते, फक्त इथून परत जायचं नसतं. अंडी घातली की आयुष्य संपलं.

१९९०च्या दशकात सिएटलने असे ओढे साफ करून घेतले, काठाला झाडं लावली, माशांच्या वाटेतले अडथळे काढले. मासे परत आले आणि लोकांना आनंद झाला. तो टिकला नाही. आलेले मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड वासून गोल गोल फिरायला लागले, तोल जाऊन कुशीवर कलंडले आणि काही तासांत मेले. मेलेल्या माद्या चिरून पाहिल्या तर पोटात अंडी जशीच्या तशी. त्या परिसरातल्या शहरी ओढ्यांत दरवर्षी आलेल्या कोहोंपैकी ४० ते ९० टक्के मासे असे अंडी घालण्याआधीच मरत होते. पाण्याचं तापमान ठीक होतं, प्राणवायू पुरेसा होता, रोगाची लक्षणं नव्हती. आणि गंमत म्हणजे त्याच पाण्यात चम नावाचा कोहोचा चुलतभाऊ मजेत पोहत होता.

संशय रस्त्यांवर होता, कारण मरतुक पावसापाठोपाठ यायची. सिएटलमधल्या ५२० क्रमांकाच्या महामार्गावरून वाहून आलेलं पाणी शास्त्रज्ञांनी पिंपांत भरलं, त्यात कोहो सोडले आणि ते मेले. (रेडमंडला नोकरी आणि सिएटलला घर असलेली बरीच मराठी मंडळी रोज याच रस्त्याने, तरंगत्या पुलावरून तलाव ओलांडतात.) म्हणजे जागा सापडली. पण रस्त्याच्या पाण्यात काय नसतं? इंजिनाचं तेल, ब्रेकची धूळ, तांबं, जस्त, डांबरातली संयुगं. एकेकाची तपासणी होत गेली. तांबं-जस्त, तेलातली संयुगं एकत्र घालून पाहिली, तरी कोहो जिवंत. मग टायरांचा कीस पाण्यात भिजवला आणि ते पाणी वापरलं. मासे मेले.

इथून पुढची गोष्ट मास स्पेक्ट्रोमीटरची आहे. मराठीत त्याला वस्तुमान वर्णपटमापक असं भारदस्त नाव देता येईल, पण प्रयोगशाळेत सगळे ‘मास स्पेक’च म्हणतात. या यंत्राचं कौतुक करताना ‘मिनिटांत निदान’ हे शब्द हटकून येतात. ते खोटे नाहीत. पण कोहोच्या बाबतीत मारेकऱ्याचं नाव कळायला वीसेक वर्षं लागली, आणि नाव कळल्यावर तो पाण्यात आहे की नाही हे सांगायला मिनिटं पुरू लागली. वीस वर्षं आणि काही मिनिटं यांच्यामध्ये नेमकं काय आहे, ते समजून घेण्यासारखं आहे.

टायर भिजवलेल्या त्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायनं होती. टॅकोमा शहरातल्या संशोधन केंद्रात झेन्यू तियान आणि एडवर्ड कोलोजे यांच्या गटाने ते पाणी गुणधर्मांनुसार वाटून घेतलं. तेलकट एकीकडे, पाण्यात रमणारी दुसरीकडे. मग प्रत्येक वाटणीत छोटे कोहो सोडायचे. ज्या वाटणीत मासे मरतील ती ठेवायची, बाकीच्या बाजूला. ठेवलेलीची पुन्हा वाटणी. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर मॅकिन्टायर यांच्याकडे मासे होते, टॅकोमात यंत्रं होती. शेवटी दोन हजारांतून एकच मुख्य पदार्थ उरला. यंत्राने त्याचं वजन इतकं अचूक दिलं की सूत्र बांधता आलं: १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन.

पण हे सूत्र टायरमध्ये घालायच्या कुठल्याच रसायनाशी जुळेना. मग विचार असा झाला की कारखान्यातून निघताना तो रेणू वेगळा असेल आणि रस्त्यावर येऊन बदलला असेल. हायड्रोजन-ऑक्सिजनचा आकडा बाजूला ठेवून १८ कार्बन आणि २ नायट्रोजन एवढंच धरून शोध घेतला. जुन्या टायरांच्या चुऱ्यातल्या रसायनांची यादी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसिद्ध केली होती. तिच्यात सापडला सिक्स-पीपीडी: १८ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन.

हा टायरचा अंगरक्षक. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो, म्हणून टायरमध्ये वजनाच्या सुमारे ०.४ ते २ टक्के सिक्स-पीपीडी मिसळतात. तो पृष्ठभागाशी येऊन ओझोनला आधी अंगावर घेतो आणि रबर वाचतं. पण ओझोनशी भिडल्यावर त्याचं जे होतं, त्याला सिक्स-पीपीडी-क्विनोन म्हणतात आणि तेच कोहोला मारतं. प्रयोगशाळेत सिक्स-पीपीडीवर ओझोन सोडून पाहिला, तोच पदार्थ तयार झाला. डिसेंबर २०२० मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. अर्धशतकाहून जास्त काळ जवळपास प्रत्येक टायरमध्ये असलेल्या पदार्थाची ही दुसरी बाजू तोवर कुणाच्याच यादीत नव्हती.

किती लागतं? आधी अंदाज होता लिटरला सुमारे ८०० नॅनोग्रॅम. २०२२ मध्ये त्याच गटाने बाजारात नव्याने मिळू लागलेला शुद्ध नमुना वापरून पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा ९५वर आला. तेवढ्यात निम्मे छोटे कोहो मरतात. पहिला हिशेब आठ पट चुकला होता, कारण तुलनेला शुद्ध माल नव्हता. वजनकाटा कितीही महाग असला तरी त्यात घालायचं माप खरं लागतं.

नॅनोग्रॅम हा शब्द वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून सोनाराकडे जाऊ. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. एक गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. ऑलिंपिकच्या जलतरण तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात लिटरला ९५ नॅनोग्रॅम हे प्रमाण गाठायला लागतं पाव ग्रॅमहून जरा कमी, म्हणजे दोन गुंजा. तलावभर पाणी कोहोच्या जिवावर उठायला दोन गुंजा पुरतात. (सोनाराचा मासा आणि ओढ्यातला मासा एकाच परिच्छेदात आले याला माझा इलाज नाही.) अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी इशाऱ्याची पातळी ठरवली ती आणखी खाली, लिटरला ११ नॅनोग्रॅम. तलावामागे पाव गुंजसुद्धा नाही.

एवढं कमी हे यंत्र पकडतं कसं?

मास स्पेकला रेणूचं वजन कळतं, पण रेणूवर विद्युतभार असेल तरच. म्हणून आधी नमुना बारीक सुईतून सोडतात आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब देतात. द्रवाचं धुकं होतं, धुक्याचे थेंब सुकत जातात आणि भार रेणूवर राहतो. ही फवाऱ्याची युक्ती मोठ्या जैविक रेणूंसाठी कामाला लावल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. पुढे निर्वातात चार दांडे असतात, त्यांच्यावरचा विद्युतदाब झरझर बदलत राहतो. ठरावीक वजनाचा आयन, म्हणजे भारित रेणू, त्यांच्यामधून तरून जातो, बाकीचे भरकटून दांड्यांवर आपटतात. आपल्या मारेकऱ्याला फवाऱ्यात एक प्रोटॉन चिकटतो आणि त्याचं वजन होतं २९९. पण २९९ वजनाचे रेणू दुसरेही असू शकतात. म्हणून चार दांड्यांचा एक संच झाला की पुढे एक कोठडी असते. तिच्यात आर्गॉन किंवा नायट्रोजन वायू भरलेला असतो, त्यावर रेणू आपटून फुटतो. त्यापलीकडचा संच तुकडे मोजतो: २१५ आणि १८७. दोन मडकी वजनाला अगदी सारखी असली तरी फुटल्यावर खापऱ्या वेगळ्या पडतात. ओळख पटते ती खापऱ्यांवरून. हे सगळं व्हायला सेकंदाचा छोटा अंश लागतो.

मग प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन-दोन आठवडे का लागतात?

ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसापासून सुरुवात करू. त्याच्या हातात तपकिरी काचेची बाटली असते. काचेची, कारण हा रेणू प्लास्टिकला चिकटून बसतो. बाटली बर्फात, बर्फाची पेटी गाडीत, गाडी प्रयोगशाळेत. तिथे नोंद, क्रमांक, रांग. मग सिरिंजएवढ्या नळीत भरलेल्या भुकटीतून ते पाणी थेंब थेंब ओढून घ्यायचं. सेंद्रिय रेणू भुकटीला धरून राहतात, मीठ-पाणी निघून जातं. नंतर थोड्या द्रावकाने ते रेणू सोडवायचे, नायट्रोजनचा बारीक झोत सोडून द्रावक आटवायचं. मग क्रोमॅटोग्राफीची नळी, जिच्यात मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून सुटे होत मागेपुढे बाहेर येतात. त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं. आणि सगळ्यात शेवटी मास स्पेक, ज्याचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. सगळा वेळ आधीच्या रांगेत गेलेला असतो. यंत्र आणखी वेगवान करून त्यात काही वाचत नाही.

वेळ वाचवायची जागा मधली आहे, हे ज्यांनी ओळखलं त्यांच्यात कॅनडाच्या व्हँकूवर बेटावरच्या नानाइमो गावातला एरिक क्रोग आणि ख्रिस गिल यांचा गट येतो. त्यांची कल्पना आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. प्लास्टिकच्या डब्यात रस्साभाजी ठेवली की डबा पिवळा होतो आणि कितीही घासला तरी पिवळाच राहतो. हळदीतल्या रंगद्रव्याचा रेणू तेलकट वृत्तीचा, तो प्लास्टिकमध्ये मुरतो. भाजीतलं मीठ मात्र मुरत नाही. धुतलं की गेलं. नानाइमोच्या पद्धतीत सिलिकोनची एक बारीक पोकळ नळी असते. बाहेरून ओढ्याचं पाणी, आतून मेथॅनॉल. गाळ, क्षार आणि खुद्द पाणी बाहेर थांबतं. तेलकट वृत्तीचे रेणू सिलिकोनमध्ये मुरतात आणि पलीकडे मेथॅनॉलमध्ये उतरतात. मेथॅनॉल थेट मास स्पेकच्या सुईत जातं. भुकटी नाही, आटवणं नाही, क्रोमॅटोग्राफी नाही. सिक्स-पीपीडी-क्विनोनची बातमी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्यांनी या रेणूसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. नमुना काही मिनिटांत मोजून होतो आणि लिटरला दहा नॅनोग्रॅमच्या आसपासचंही हाती लागतं.

हिशेब चोख राहावा म्हणून त्यात जुळा भाऊ घालतात. त्याच रेणूची अशी प्रत, जिच्यात पाच साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन आहेत. वागणूक तीच, वजन पाचाने जास्त, २९९ऐवजी ३०४. तो मोजून घालायचा. वाटेत जेवढा एक गळेल, चिकटेल, दबेल, तेवढाच दुसराही. शेवटी दोघांचं गुणोत्तर पाहायचं. दुकानातला गडी मधल्या मध्ये किती खातो ते कळायला मोजून खुणेची नाणी ठेवावीत, तसंच काहीसं.

पण मिनिटांचा हट्ट कशासाठी? मासे तर मेले. उत्तर असं की हे विष ओढ्यात कायम नसतं. पाऊस पडतो, रस्त्यावरची टायरची धूळ पाण्याबरोबर येते, प्रमाण चढतं आणि काही तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशी उन्हात जाऊन भरलेली बाटली निष्पाप निघते. स्वित्झर्लंडच्या ‘इआवाग’ या पाणी-संशोधन संस्थेने मास स्पेकची अख्खी प्रयोगशाळा एका ट्रेलरमध्ये बसवली आणि शेतांमधल्या छोट्या ओढ्याकाठी उभी केली. दर २० मिनिटांनी एक मोजणी, आठवडेच्या आठवडे. रूढ पद्धतीत साडेतीन दिवसांचं पाणी एका बाटलीत जमवून सरासरी काढतात. त्या सरासरीत जी कीटकनाशकं सौम्य दिसत होती, त्यांच्यातल्या काहींनी पावसानंतर थोडा वेळ मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली दिसली. ओढ्यातला किडा साडेतीन दिवसांच्या सरासरीत जगत नाही. त्याला तो एक तास गाठतो.

नमुन्याची तयारी टाळण्याच्या इतरही वाटा आहेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २००४ मध्ये भारित थेंबांचा फवारा थेट वस्तूवर मारून तिच्यावरचे रेणू उडवून यंत्रात नेले. वस्तू पान असो, कापड असो, दगड असो. पुढे त्यांनीच कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर थेंब टाकून टोकातून फवारा काढायची पद्धत आणली. कागदाचा तुकडा, थेंब, विद्युतदाब, एवढंच साहित्य.

आपल्याकडेही वेळेचा हाच धडा एका पिकाने दिला, आणि तो मला परदेशी उदाहरणांपेक्षा जास्त बोलका वाटतो. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश-तपासणीची व्यवस्था उभी राहिली. द्राक्ष थांबत नाही. घड काढणीला आला की दोन आठवडे अहवालाची वाट पाहणं परवडत नाही. शास्त्रज्ञांनी तयारीच कापली. दहा ग्रॅम द्राक्षांचा लगदा, दहा मिलिलिटर इथाइल ॲसिटेट, सोबत पाणी शोषून घ्यायला सोडियम सल्फेट. हलवायचं, फिरवायचं आणि वरचा थर थोडा शुद्ध करून मास स्पेकला द्यायचा. २००७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. एका नमुन्यातून अनेक कीटकनाशकं एकाच वेळी मोजता येऊ लागली.

आणि तरीही २०१० मध्ये नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. द्राक्षात क्लोरमेक्वाट निघालं. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरायला ते वापरलं जायचं. युरोपची तेव्हाची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीत ते निसटलं, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यंत्र तेच, कौशल्य तेच, वेगही तोच. पण २९९ शोध म्हटलं की मास स्पेक २९९च शोधतं. शेजारून दुसरं कुणी गेलं तर त्याची दखल घेत नाही. चावडीवरच्या यादीत ज्याचं नाव नाही, तो गावात राहत असला तरी नसल्यासारखाच, तशातला प्रकार. आजच्या प्रयोगशाळेत अतिअचूक वजन करणारी वेगळ्या जातीची मास स्पेक यंत्रं असतात, ती दिसेल ते सगळं नोंदवून ठेवतात. सिक्स-पीपीडी-क्विनोन तशाच यंत्रांनी पकडलं. पण नोंद झाली म्हणजे ओळख पटली असं नाही. हजारो निनावी वजनांतून धोक्याचं कुठलं, हे मासे मेल्याशिवाय कळलं नव्हतं.

झटपट पद्धतींबद्दल माझं मत विचाराल तर: त्यांच्या जोरावर खटला उभा करू नये. क्रोमॅटोग्राफी गाळली की ओळखीचा एक साक्षीदार कमी होतो. वजन सारखं, खापऱ्याही बऱ्याचशा सारख्या, असा भलता रेणू कधी फसवू शकतो. गढूळ पाण्यातले इतर पदार्थ फवाऱ्यात गर्दी करून आपल्या रेणूचा आवाज दाबू शकतात. म्हणून कारवाई करायची तर बाटली प्रयोगशाळेत जायलाच हवी, आणि त्यासाठी अमेरिकेने २०२४ च्या जानेवारीत या एका रेणूसाठी स्वतंत्र पद्धतीचा मसुदाही काढला, रीतसर भुकटी-नळी-क्रोमॅटोग्राफीसकट. झटपट मोजणीचं काम वेगळं. बाटली कधी भरायची, कुठल्या गटाराच्या तोंडाशी भरायची, पुढच्या गावाने पाणी उचलणं तासभर थांबवावं का, हे तिने सांगायचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या मूलनिवासी जमातींची मागणी मान्य करून तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने टायरमधल्या सिक्स-पीपीडीवर नियम करण्याची प्रक्रिया सुरू करायचं ठरवलं. अडचण खरी आहे: ओझोनला तोंड देणारा आणि पाण्यात निरुपद्रवी असा दुसरा पदार्थ हवा, आणि तो मिळेपर्यंत टायर फुटून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र विषाचं नाव कळण्याच्या पाच वर्षं आधीच माहीत होती. २०१५ मध्ये मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच महामार्गाचं जीवघेणं पाणी साठ टक्के वाळू आणि चाळीस टक्के कंपोस्ट खताच्या थरातून गाळलं आणि त्यात कोहो सोडले. ते जगले.